आठ महिन्यांचा आकडा : पर्युदराच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास

१/ जुलै १९८२. हार्वर्ड विद्यापीठातील चाळीस वर्षांचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि निदान समोर आले : पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा. गूल्ड यांनी आपल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो अभ्यासकाला साजेसा होता. या आजाराविषयी उत्तम असे काय वाचावे? वैद्यकीय साहित्यात वाचण्याजोगे फारसे काही नाही, असे सौम्य उत्तर त्यांना मिळाले. चालता येऊ लागताच गूल्ड हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेले आणि डॉक्टरांच्या सौम्यपणाचे कारण त्यांना उमगले. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक होता आठ महिने.

२/ मित्रहो, आजच्या धाग्यात या आठ महिन्यांच्या आकड्याचा इतिहास पाहू. तो कुठून आला, कोणी बदलला, आणि आज त्याच्या जागी जे मोठे आकडे सांगितले जातात ते कसे वाचावेत, हा विषय आहे. वाटेत दक्षिण आफ्रिकेच्या खाणी येतील, फुलपाखरांचे पंख येतील आणि मुंबईच्या गिरण्यांतील गर्भवती स्त्रियाही येतील.

३/ प्रथम थोडे शरीरशास्त्र. आपल्या उदरपोकळीच्या भिंतींना आतून आणि यकृत, जठर, आतडी या अवयवांना बाहेरून एक पातळ, ओलसर, चकचकीत पडदा वेढून असतो. मराठी परिभाषेत त्याला पर्युदर म्हणतात. त्याच्यामुळेच आतडी एकमेकांवर न घासता सरकतात. घड्या उलगडून हा पडदा पसरला तर त्याचे क्षेत्रफळ जवळपास आपल्या त्वचेइतके भरते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे शल्यविशारदांची सारी अडचण हीच आहे.

४/ या पडद्याच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन १९०८ साली मिलर आणि विन यांनी केले. पोटात पाणी साचते, म्हणजे जलोदर होतो. पोट फुगते, भूक मंदावते, आणि शस्त्रक्रियेत पाहावे तर पडद्यावर सर्वत्र दाणे विखुरलेले. एक गाठ नाहीच. काढणार काय? त्यानंतरच्या अर्धशतकात हा आजार प्रामुख्याने शवविच्छेदनाच्या टेबलावर ओळखला जाई, आणि असा स्वतंत्र आजार अस्तित्वात आहे की नाही यावरही विकृतिशास्त्रज्ञांचे एकमत नव्हते.

५/ एकमत घडले ते एका क्षयरोग रुग्णालयामुळे. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे डॉ. स्लेग्ज यांच्या लक्षात आले की, छातीत पाणी झालेले काही रुग्ण क्षयाच्या औषधांना दाद देत नाहीत, आणि असे रुग्ण बहुधा पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून येतात. त्या डोंगरांत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. विकृतिशास्त्रज्ञ वॅग्नर, स्लेग्ज आणि शल्यविशारद मार्चंड यांनी १९६० साली फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण प्रसिद्ध केले. एक अपवाद वगळता सर्वांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आढळला. त्यांतल्या काहींनी खाणीत एक दिवसही काम केले नव्हते. बालपण खाणीच्या परिसरात गेले, एवढाच काय तो संबंध.

६/ फुप्फुसाचे आवरण आणि पर्युदर हे पडदे जन्माने भाऊबंद आहेत. त्याच वर्षी कील यांनी 'लॅन्सेट'मध्ये ॲस्बेस्टॉसिस झालेल्या रुग्णांतील पोटाच्या कर्करोगांकडे लक्ष वेधले. पुढे १९६५ साली न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी लंडन हॉस्पिटलच्या दप्तरातून मेसोथेलिओमाचे ८३ रुग्ण शोधून काढले. त्यांतील २७ जणांचा आजार पर्युदराचा होता. पूर्ण माहिती मिळालेल्या ७६ जणांपैकी ४० जणांनी एकतर ॲस्बेस्टॉसचे काम केले होते किंवा ते अशा कामगाराच्या घरात राहिले होते. उरलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के लोक ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत असत.

७/ या शोधनिबंधातला मला सर्वांत भेदक वाटणारा आकडा निराळाच आहे. ॲस्बेस्टॉसशी पहिला संबंध आणि अखेरचा आजार यांच्यातले अंतर १६ ते ५५ वर्षे होते, सरासरी ३७.५ वर्षे. विशीत अंगावर घेतलेली धूळ साठीच्या उंबरठ्यावर हिशेब मागते. (येथे एक खुलासा. पर्युदराच्या प्रत्येक रुग्णाच्या मागे ॲस्बेस्टॉस सापडतोच असे नाही, विशेषतः स्त्रियांमध्ये. काहींमध्ये 'बीएपी १' या जनुकातील आनुवंशिक दोष कारणीभूत असतो, हे २०११ साली समोर आले.)

८/ कारण कळले. उपचार मात्र जागच्या जागी राहिले. शिरेतून दिलेली औषधे या पडद्यापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नसत. संपूर्ण पोटावर किरणोपचार करावेत तर आतडी, यकृत आणि मूत्रपिंडे होरपळत. किरणोत्सारी फॉस्फरसचे द्रावण पोटात सोडण्याचेही प्रयोग झाले. पोटातले पाणी वारंवार काढून रुग्णाला आराम देणे, हाच अनेक ठिकाणी खरा उपचार होता. आठ महिन्यांचा मध्यक या काळाचे अपत्य आहे.

९/ आता गूल्ड यांच्याकडे परत येऊ. जून १९८५ च्या 'डिस्कव्हर' मासिकात त्यांनी 'द मीडियन इझन्ट द मेसेज' हा निबंध लिहिला. कर्करोगाच्या रुग्णांमध्ये तो आजही हातोहात फिरतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मध्यक आठ महिने याचा अर्थ 'तुम्ही आठ महिन्यांत जाल' असा होत नाही. निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, निम्मे नंतर. आणि आलेखाची डावी बाजू शून्यापाशी अडते. उजवी बाजू मात्र कितीही लांब पसरू शकते. त्या लांब शेपटीत आपण का नसावे?

१०/ या निबंधातला दुसरा मुद्दा सहसा कोणी उद्धृत करत नाही, आणि माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने तोच अधिक जपावा. कोणताही आलेख ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उपचारांखाली तयार झालेला असतो. गूल्ड यांना बॉस्टनमध्ये प्रायोगिक उपचार मिळत होते : शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार असे एकत्रित. म्हणजे ते जुन्या आलेखाच्या शेपटीत असण्यापेक्षा कदाचित वेगळ्याच, अजून न काढलेल्या आलेखावर उभे होते. उपचार बदलला की जुना आकडा केवळ इतिहास उरतो.

११/ उपचार खरोखरच बदलत होते, आणि पहिले पाऊल टाकले ते एका रासायनिक अभियंत्याने. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील रॉबर्ट डेड्रिक यांनी सहकाऱ्यांसह १९७८ साली एक गणिती मांडणी केली. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या पोटात द्रव भरून रक्त शुद्ध करण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. त्यावरून पर्युदर आणि रक्त यांच्यात पदार्थांची देवाणघेवाण किती वेगाने होते, हे ठाऊक होते. डेड्रिक यांनी तो हिशेब उलटा फिरवला. औषध थेट पोटात भरपूर द्रवातून सोडले, तर ते रक्तात सावकाश झिरपेल. पोटात त्याची तीव्रता रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट राहील आणि उर्वरित शरीर बऱ्याच अंशी वाचेल. हा विचार मूळचा बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी होता.

१२/ दुसरे पाऊल उष्णतेचे. उष्णतेने कर्करोगाच्या पेशी दुबळ्या होतात आणि काही औषधांची धार वाढते, हे प्रयोगशाळेत दिसले होते. केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे जॉन स्प्रॅट यांच्या चमूने गरम द्रव पोटातून सतत फिरवणारे यंत्र बनवले, कुत्र्यांवर त्याची चाचणी घेतली आणि मग एका ३५ वर्षांच्या रुग्णावर ते वापरले. त्याचा आजार मेसोथेलिओमा नव्हता. पोटात चिकट श्लेष्मा साठवणारी एक वेगळी व्याधी होती. हे वृत्त १९८० साली प्रसिद्ध झाले. गूल्ड यांचे निदान त्यानंतर दोनच वर्षांनी झाले, पण नवे यंत्र एका रुग्णावरून दुसऱ्या शहरात, दुसऱ्या आजारापर्यंत पोहोचायला एक पिढी लागते.

१३/ तिसरे पाऊल सर्वांत दांडगे. पॉल शुगरबेकर या वॉशिंग्टनच्या शल्यविशारदाने १९९५ साली 'पर्युदर-उच्छेदना'च्या पद्धती सविस्तर मांडल्या. त्यांचे तर्कशास्त्र सोपे होते. पोटात सोडलेले औषध पेशींच्या थरांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल शिरत नाही. तेव्हा मोठे दाणे औषधाला सोडून उपयोग नाही. ते हाताने काढलेच पाहिजेत. आजार पसरलेला पडदा उदरपटलाखालून, ओटीपोटातून, भिंतींवरून सोलून काढायचा, सोबत वपाजाल काढायचे, गरज पडली तर प्लीहा, पित्ताशय किंवा आतड्याचा भागही. डोळ्यांना दिसणारे सारे गेले, की त्याच टेबलावर ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाचे औषधी द्रावण साठ ते नव्वद मिनिटे पोटातून खेळवायचे.

१४/ या उपचाराला आज 'हायपेक' म्हणतात. शस्त्रक्रिया आठ-दहा तास चालणे नवलाचे नाही. त्वचेइतके क्षेत्रफळ असलेला पडदा इंच इंच तपासायचा म्हणजे आणखी काय होणार? द्रावणातले औषध बहुधा सिस्प्लाटिन. त्याचीही एक कथा आहे : १९६० च्या दशकात बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विद्युत्‌क्षेत्राचा परिणाम तपासत होते, आणि जिवाणूंचे विभाजन थांबले ते विजेने नव्हे, तर प्लॅटिनमच्या विद्युतग्रांतून द्रावणात उतरलेल्या संयुगामुळे. तो धागा पुन्हा केव्हातरी.

१५/ आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली पर्युदराच्या ४९ रुग्णांचा अहवाल दिला. मध्यक ९२ महिने. पुढे २००९ साली निरनिराळ्या देशांतील केंद्रांनी मिळून ४०५ रुग्णांची माहिती एकत्र केली; मध्यक ५३ महिने, आणि पाच वर्षांनंतर हयात सुमारे ४७ टक्के. किंमतही नोंदवलेली आहे : ३१ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत, आणि २ टक्क्यांचा शस्त्रक्रियेच्या सुमारास मृत्यू. आठवरून त्रेपन्न! समाजमाध्यमांवर हीच ओळ मोठ्या अक्षरांत फिरते.

१६/ येथे थांबावे लागते. गूल्ड यांनी निराशेच्या आकड्याला जे प्रश्न विचारले, ते आशेच्या आकड्यालाही विचारले पाहिजेत. हे ४०५ रुग्ण कोण? दहा तासांची शस्त्रक्रिया सोसतील असे. आजार छातीत किंवा इतरत्र न गेलेले. विशेष केंद्रापर्यंत पोहोचू शकलेले. जुन्या आठ महिन्यांच्या आलेखात मात्र वृद्ध, अशक्त, उशिरा निदान झालेले असे सर्वच होते. दोन वेगळ्या गर्दींची तुलना करून उपचाराला सगळे श्रेय देता येत नाही. आणि या ४०५ जणांतही दिसणारा आजार जवळजवळ पूर्ण निघाला तो ४६ टक्क्यांचाच.

१७/ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून तुलना करणे हा या प्रश्नावरचा खरा तोडगा. मोठ्या आतड्याचा कर्करोग पर्युदरावर पसरलेल्या रुग्णांबाबत फ्रान्समध्ये तशी चाचणी झाली. २६५ रुग्ण, निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध. सर्वांची शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांना वर गरम ऑक्झॅलिप्लाटिन मिळाले. आयुर्मानाचा मध्यक एका गटात ४१.७ महिने, दुसऱ्यात ४१.२. म्हणजे तेथे श्रेय कुशल शस्त्रक्रियेचे ठरले. गरम द्रावणाने भर पडली नाही. आजार वेगळा, औषध वेगळे, म्हणून हा निष्कर्ष मेसोथेलिओमाला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु इतक्या दुर्मीळ आजारासाठी तशी चाचणी उभारणे अतिशय अवघड आहे. सोसू शकणाऱ्या रुग्णांसाठी शस्त्रक्रिया आणि हायपेक हाच आज अग्रक्रमाचा उपचार मानला जातो. माझ्या मते तो मान योग्य आहे; फक्त त्यातल्या कोणत्या भागाचे श्रेय किती, हे आपण जितक्या खात्रीने बोलतो तितके सिद्ध झालेले नाही.

१८/ ज्यांच्यावर शस्त्रक्रिया शक्य नाही त्यांचे काय? येथे कथा मुंबईत येते. लूसी विल्स ही इंग्रज वैद्यक-संशोधक १९२८ साली मुंबईत आली आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून गिरणी कामगार वस्तीतील गर्भवती स्त्रियांच्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. या स्त्रियांच्या रक्तातील लाल पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असत. जंतू सापडत नव्हते. विल्स यांचा संशय गरिबीच्या आहारावर होता. अनेक पदार्थ वापरून पाहिल्यावर यीस्टपासून बनणाऱ्या, स्वस्त अशा मार्माइटने गुण आला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अज्ञात घटकाला काही काळ 'विल्स फॅक्टर' म्हणत; तोच फॉलिक आम्ल.

१९/ मूळच्या आंध्रातील यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने १९४५ च्या सुमारास फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. मग त्यांनी त्याची तोतया रूपे घडवली. पेशी त्यांना फॉलिक आम्ल समजून आत घेतात आणि त्यांचे विभाजन अडते. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली बॉस्टनमध्ये अशाच एका तोतयाने रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांचा आजार काही काळ मागे हटवला. मुंबईच्या गर्भवतींना जगवणाऱ्या जीवनसत्त्वाची नक्कल कर्करोगाच्या पेशींना उपाशी मारू लागली.

२०/ त्याच दशकात एडवर्ड टेलर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, फॉलिक आम्लाच्या गाभ्यातली रचना फुलपाखरांच्या पंखांतील रंगद्रव्यातही आहे. ते या रचनेच्या मागे आयुष्यभर लागले. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि लिली कंपनी यांच्या सहकार्यातून पेमेट्रेक्सेड निर्माण झाले. फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमावरील मोठ्या चाचणीत ४४८ रुग्णांना औषध मिळाले. केवळ सिस्प्लाटिन घेणाऱ्यांचा मध्यक ९.३ महिने, तर दोन्ही औषधे घेणाऱ्यांचा १२.१. या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले हे पहिले औषध, वर्ष २००४.

२१/ एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चाचणीच्या आरंभी काही रुग्णांना औषधाची भयंकर बाधा झाली. तेव्हा चाचणी चालू असतानाच सर्वांना फॉलिक आम्ल आणि बी १२ जीवनसत्त्व देण्यास सुरुवात झाली, आणि बाधा घटली. फॉलिक आम्लाचा शत्रू देताना सोबत फॉलिक आम्लही द्यायचे! आजही पेमेट्रेक्सेड घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ती छोटी गोळी घ्यावी लागते. विल्स यांचा वारसा इतका शब्दशः टिकून आहे.

२२/ मात्र या चाचणीत पर्युदराचे रुग्ण नव्हते. हे दुखणे जुनेच आहे. प्रतिकारशक्तीला जागवणारी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी २०२० साली अमेरिकेत मान्य झाली, तीही फुप्फुसाच्या आवरणापुरतीच. पर्युदराच्या रुग्णांना बहुधा भावाच्या मापाचे कपडे वापरावे लागतात. अपवाद म्हणून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीची चाचणी खास पर्युदराच्या रुग्णांवर झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात ४० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. एकूण रुग्ण किती? वीस. म्हणजे आठ माणसे. वर सांगितलेली शिस्त येथेही पाळावी.

२३/ गूल्ड यांचे पुढे काय झाले? ते आणखी जवळपास वीस वर्षे जगले, शिकवत आणि लिहीत राहिले. उत्क्रांतीच्या सिद्धान्तावरचा त्यांचा चौदाशेहून अधिक पानांचा ग्रंथ २००२ च्या वसंतात प्रकाशित झाला. त्याच वर्षी २० मे रोजी ते वारले, दुसऱ्याच एका कर्करोगाने. शुगरबेकर यांचा गाजलेला शोधनिबंध येण्यापूर्वी दहा वर्षे गूल्ड त्यांचा निबंध लिहून मोकळे झाले होते. 'हायपेकमुळे गूल्ड वाचले' अशी विधाने फिरताना दिसली, तर ही दोन सालें शेजारी ठेवून पाहावीत.

२४/ अखेरीस पुन्हा त्या ३७.५ वर्षांकडे. इंग्लंडमधील टर्नर अँड न्यूऑल या ॲस्बेस्टॉस उद्योगसमूहाचे हातपाय मुंबईपर्यंत पोहोचले होते. मुलुंडला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना चाले. इंग्लंडमध्ये धुळीवर निर्बंध घालणारे नियम १९३१ सालीच झाले, आणि १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी आली. भारतात पांढरा ॲस्बेस्टॉस आजही आयात होतो. छपरांच्या पत्र्यांत तो आपल्या डोक्यावर असतो.

२५/ ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद, कामावर लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश झाला. त्या वर्षी विशीत कामावर लागलेला कामगार आज पन्नाशीत आहे. त्याची नोंदवही किमान २०३५ पर्यंत कारखान्याच्या कपाटात असायला हवी.